नक्षी कोरी, टायर म्हातारा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी मोटरहोम, कॅराव्हॅन आणि कॅम्परव्हॅन या फिरत्या घरांच्या टायरांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बरीच पत्रे अमेरिका-युरोपातल्या मराठी कुटुंबांची आहेत. महाराष्ट्राचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, तेव्हापासून इकडचीही विचारणा सुरू झाली आहे. गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी घोळ बहुतेक ठिकाणी एकच दिसतो: टायर जुना झाला की नाही, हे सगळे जण नक्षीवरून ठरवतात.

प्रश्न : आम्ही २०१७ चे क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले) मोटरहोम जुने विकत घेत आहोत. सांगाडा फोर्ड ई-४५० चा आहे. गाडी फक्त २१,००० मैल चालली आहे. टायर मूळचेच आहेत, पण नक्षी जवळजवळ कोरी आहे, बाजूला चिराही दिसत नाहीत. विकणारा म्हणतो, अजून तीस हजार मैल सहज जातील. उन्हाळ्यात मुलांना घेऊन यलोस्टोनला जायचा बेत आहे. सहा टायर एकदम बदलायचे म्हणजे मोठा खर्च. खरेच गरज आहे का?
— वाचक, फिनिक्स, ॲरिझोना

उत्तर : आहे, आणि ती यलोस्टोनच्या आधी आहे. सौदा अजून झाला नसेल तर टायरांचा खर्च किमतीतून वळता करून मागा.

आधी तारीख वाचा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा आहे. त्याच्याशेजारी उभेही राहू नका. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असणे पुरेसे मानले जाते. त्यामुळे बाहेरून आकडे दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन गाडीखाली वाका, किंवा मोबाइल आत धरून फोटो काढा. सहाही चाकांची तारीख वेगवेगळी पाहा, स्टेपनी असल्यास तिचीही. एक टायर नवा आणि बाकीचे जुने निघाले तर एखादा आधीच फुटून गेला असण्याची शक्यता मोठी.

आता नक्षी. मोटारीचा टायर झिजून मरतो. रोज ऑफिसला जाणारी गाडी चार-पाच वर्षांत टायर गोटा करते, त्यामुळे वयाचा प्रश्न येतच नाही. मोटरहोम वर्षाला तीन-चार हजार मैल चालते. पन्नास हजार मैल टिकणारा टायर तिच्यावर झिजायला बारा वर्षे लागतील. तोवर रबर कधीच संपलेले असते. म्हणून या गाडीवर कोरी नक्षी काहीच सिद्ध करत नाही.

रबर संपते म्हणजे काय होते, तेही पाहू. टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये रबराचा पातळ थर असतो. चाक फिरताना हे पट्टे एकमेकांविरुद्ध किंचित सरकतात. तो ताण हा थर सोसतो. सर्वांत जास्त ताण पट्ट्यांच्या कडांवर, म्हणजे टायरच्या खांद्याजवळ येतो आणि तिथेच टायर सर्वांत जास्त तापतो. आत कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन दाबामुळे आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपतो आणि याच रबराला जाऊन भिडतो. वर्षानुवर्षे हे चालले की रबर कडक होते, त्याचे ताणले जाणे कमी होते. मग पट्ट्याच्या कडेला बारीक तडा जातो. तो परिघाभोवती पसरतो, आतल्या बाजूला शिरतो, आणि एखाद्या दुपारी भर वेगात अख्खी नक्षी सालीसारखी सुटून येते.

बाजूला चिरा नसणे हाही दिलासा नाही. त्या चिरा बाहेरच्या हवेतला ओझोन आणि ऊन पाडतात. पट्ट्यांमधला बिघाड आतल्या हवेने आणि उष्णतेने होतो. दोन्ही रोग वेगळे आहेत आणि एक नसतानाही दुसरा असू शकतो. आच्छादनाखाली ठेवलेल्या, बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या टायरचाही खांदा सुटू शकतो.

त्यात तुमचे गाव फिनिक्स. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने टायरच्या वयाचा अभ्यास करताना प्रत्यक्ष गाड्यांवरचे टायर जमवले ते फिनिक्समधूनच, उन्हाची झळ तिथे सर्वाधिक म्हणून. त्या अभ्यासात एकदाही रस्त्याला न लागलेल्या स्टेपनीही आतून कडक होत गेलेल्या आढळल्या.

फुटला तर नुसता टायर जात नाही. सुटलेली नक्षी पोलादी तारांसह चाकाच्या कमानीत आपटत राहते. मोटरहोममध्ये तिथूनच वायरिंग, पाण्याचे नळ, सांडपाण्याची टाकी, काही गाड्यांत गॅसची नळीसुद्धा गेलेली असते. सहा टायरांच्या खर्चाशी तुलना त्या दुरुस्तीची करा.

नवे टायर घालताना व्हॉल्व्हही नवे आणि धातूचेच घाला. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या (पौंड प्रति चौरस इंच) दाबासाठी असतात; तुमच्या गाडीला ८० पर्यंत हवा लागते. चाके बसवल्यावर ५० ते १०० मैल गेल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. आणि दुकानदाराकडून टायरची नोंदणी करून घ्या. उत्पादनात दोष निघून कंपनीने टायर परत मागवले तर त्या नोंदणीवरच तुम्हाला पत्र येते.

प्रश्न : कोणी सहा वर्षे सांगतो, कोणी सात, कोणी दहा. कायदा काय म्हणतो?
— वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी

उत्तर : तुम्ही कुठे आहात आणि काय ओढता, त्यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेत टायरच्या वयाला कायद्याने मर्यादा नाही. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. मिशेलिनसारखे टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी बाद, असे सांगतात. यातला दहाचा आकडा शेवटची भिंत आहे. तो मुक्कामाचा पत्ता समजू नये.

तुमच्या जर्मनीत नियम आहे, पण तो थोडा आडवळणाने येतो. कॅराव्हॅन ओढताना मर्यादा ताशी ८० किलोमीटरची. १०० ने जाण्याचा परवाना हवा असेल तर ज्या अटी पाळाव्या लागतात, त्यांत कॅराव्हॅनचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसणे ही एक, आणि त्यांचे वेगचिन्ह किमान ‘एल’, म्हणजे १२० किलोमीटरचे असणे ही दुसरी. सहा वर्षे उलटली की कॅराव्हॅनच्या मागे ‘१००’ चे स्टिकर असूनही तो परवाना लागू होत नाही.

ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या चाकांवर, तसेच मिनीबसच्या एकेरी चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर बेकायदेशीर आहे. त्यामागे २०१२ चा सरेमधला कोचचा अपघात आहे. पुढचा टायर फुटून कोच झाडावर गेली, तिघे गेले. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा हा नियम झाला. घरगुती मोटरहोमला तो लागू नाही, पण रबराला गाडी खासगी की व्यावसायिक ते कळत नाही.

आमचे मत : पुढच्या चाकांना सहा, सात फार झाली. मागच्या जोडचाकांना सात. ओढायच्या कॅराव्हॅनला पाच. गाडी राजस्थान-विदर्भासारख्या उन्हात उभी राहत असेल तर यातून एक वर्ष वजा करा. ही वर्षे कारखान्याच्या तारखेपासून मोजायची, बिलाच्या नव्हे.

चिरांबद्दलही थोडे सांगतो. केसासारख्या वरवरच्या चिरा, खोली पाऊण मिलिमीटरच्या आत, चालतील. दीड मिलिमीटर किंवा जास्त खोल गेल्या तर टायर त्याच दिवशी उतरवा. मधल्यांना टायरवाल्याकडून आतूनबाहेरून तपासून घ्या. फुगवटा दिसला तर मोजमाप करत बसू नका, तो टायर गेला.

प्रश्न : आमच्या मोटरहोमला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके आहेत. एका बाजूला दोन टायर असल्यामुळे एक फुटला तरी दुसरा सांभाळून घेतो ना? आणि आतल्या टायरची हवा तपासणे फार जिकिरीचे आहे. बाहेरच्याची बघितली तर चालेल का?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच. जोडचाकांबद्दलचा हा भरवसा फार महागात पडतो. आकड्यांनीच पाहू.

तुमच्यासारख्या गाड्यांवर सर्रास असणारा टायर घेऊ : एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई. ८० पीएसआयला जोडीतला एक टायर २,४७० पौंड पेलतो. चार मिळून ९,८८०. समजा, मागच्या धुरीचे (अ‍ॅक्सलचे) वजन ९,३०० भरले. कागदावर ५८० पौंड शिल्लक, सगळे आलबेल. पण स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली बहुधा एकाच बाजूला असतात. डावीकडे ४,९०० आणि उजवीकडे ४,४०० असे वजन विभागले असेल, तर डाव्या जोडीची क्षमता ४,९४० असल्याने शिल्लक उरते ४० पौंड. म्हणजे तांदळाची एक पिशवी.

आता त्याच जोडीत हवा ६५ वर आली असे धरा. तिथे एका टायरची क्षमता २,१५० वर उतरते, जोडीची ४,३००. डावी बाजू सहाशे पौंडांनी जादा भरली. आणि एक टायर पूर्ण बसला तर दुसऱ्यावर एकट्यावर ४,९०० पौंड, क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट. चालवताना गाडी विशेष ओढत नाही, आवाजही घराच्या खडखडाटात बुडतो, त्यामुळे ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. सांभाळून घेणारा दुसरा टायर तोवर आतून भाजून निघालेला असतो.

म्हणून टायरवाल्यांचा नियम असा आहे की हवा वीस टक्क्यांनी कमी झालेला टायर चाललेला असेल तर तो पंक्चरच समजायचा. ८० चा टायर ६४ वर सापडला तर तिथेच हवा भरून पुढे जायचे नाही. रिमवरून उतरवून आतली बाजू बघायची. मोठ्या गाड्यांच्या पूर्ण पोलादी तारांच्या टायरमध्ये तर हे जिवावरचे काम आहे. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या बाजूच्या तारा थकून तुटलेल्या असतात आणि हवा भरताना ती बाजू चेन उघडावी तशी फाटते. असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरतात.

आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचण्यासाठी दोन तोंडांचा, लांब दांड्याचा गेज घ्या. एक तोंड सरळ, एक उलटे असते. लवचिक रबरी जोडनळ्या टाळा, त्या हलून गळतात. आधार दिलेले सरळ धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. लाकडी दांडक्याने टायर ठोकून पाहण्याची ट्रकवाल्यांची पद्धत अगदी बसलेला टायर ओळखायला बरी. ८० आणि ६० मधला फरक तिला कळत नाही.

हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा जरूर बसवा. अमेरिकेत २००७ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे, पण १०,००० पौंडांपर्यंतच्याच. पहिल्या प्रश्नातल्या ई-४५० ची कमाल मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे ती सक्तीबाहेर. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे सेन्सर मिळतात. बसवण्याआधी व्हॉल्व्ह धातूचे आहेत ना हे बघा, नाहीतर सेन्सरचे वजनच रबरी व्हॉल्व्ह मुळाशी कापते.

जोडीतले दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. या मापात व्यासात पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर मोठा टायर सगळे ओझे घेतो आणि लहान रस्त्यावर घासत जातो. एकाच्या जागी एक नवा टाकायची काटकसर इथे उलटते.

वजनाबद्दल : ट्रक-थांब्यांवरच्या काट्यावर पाणी, गॅस, सामान, माणसे सगळे भरून गाडी न्या. तिथे धुरीप्रमाणे वजन मिळते. एकेका चाकाचे वजन करून देणारे लोक मोटरहोमवाल्यांच्या (आरव्ही) मेळाव्यांत येतात, ते एकदा करून घ्याच. भारतात असाल तर एमआयडीसीतला किंवा साखर कारखान्याजवळचा वजनकाटा चालेल. आधी पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्याच्या बाजूची जमीन सपाट असेल तर एका बाजूचीच चाके चढवून डावे-उजवेही काढता येते. मग टायर कंपनीच्या तक्त्यात जड बाजूचा आकडा बघून त्या धुरीच्या सगळ्या टायरांत सारखाच दाब भरायचा. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाखाली मात्र जायचे नाही.

प्रश्न : आमचा दोन धुऱ्यांचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. चार वर्षांत दोन टायर गेले, दोन्ही वेळा हवा बरोबर होती. टायरच वाईट म्हणायचे का?
— वाचक, डॅलस, टेक्सस

उत्तर : कदाचित, पण आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, वळण. जवळजवळ असलेल्या दोन धुऱ्या घट्ट वळणावर एकमेकींशी भांडतात. पुढची चाके एका दिशेला, मागची दुसऱ्या दिशेला खरवडत जातात. कॅम्पमध्ये उलट घेताना मागून कोणाला तरी बघायला सांगा, टायर रिमवर पिळवटताना स्पष्ट दिसतो. तो सगळा पीळ त्याच पट्ट्यांमधल्या थरावर येतो. त्यामुळे ट्रेलरचा टायर मोटारीच्या टायरपेक्षा लवकर मरतो आणि म्हणून आम्ही पाच वर्षांवर जात नाही. जागा असेल तिथे मोठे वळण घ्या.

दुसरी, वेग. ट्रेलरच्या ‘एसटी’ टायरवर वेगचिन्ह नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैलांची धरायची. टेक्ससच्या महामार्गावर ७५ लिहिलेले असते ते तुमच्या पिकअपसाठी. पूर्वी काही जण दहा पीएसआय जादा भरून ७५ ने जा असे सुचवत; तो सल्ला विसरा.

तिसरी, भार. एसटी २२५/७५ आर १५ हे माप लोड रेंज डी मध्ये ६५ पीएसआयला २,५४० पौंड पेलते, ई मध्ये ८० ला २,८३०. कारखान्यातून येताना ट्रेलरला बरेचदा जेमतेम पुरेल असाच टायर मिळतो. पुढच्या खेपेला एक पायरी वरची श्रेणी घ्या, पण रिमवर आतल्या बाजूला कोरलेला कमाल दाब त्याला पुरतो का, ते आधी बघा. ट्रेलरमध्ये हवा टायरवर लिहिलेल्या कमाल थंड दाबाइतकीच ठेवा. आरामासाठी कमी करण्यात काही अर्थ नाही, आत कोणी बसलेले नसते.

आणि एक टायर फुटल्यावर त्याच बाजूच्या शेजारच्याने काही अंतर दुप्पट ओझे वाहिलेले असते. तुमचा दुसरा टायर गेला तो हाच होता का, आठवून बघा.

प्रश्न : मिनीबसच्या सांगाड्यावर बनवलेली आमची कॅम्परव्हॅन पावसाळ्यात चार महिने मुळशीजवळच्या शेतघरी उभी असते. टायर चकचकीत राहावेत म्हणून दर महिन्याला पॉलिश मारतो आणि इंजिन दहा मिनिटे चालू ठेवतो. अजून काय करावे?
— वाचक, पुणे

उत्तर : यातले पॉलिश आधी बंद करा. टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर चालताना लवचतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ कवच धरतात. जुन्या टायरवर दिसणारा तपकिरी साका हा त्याचाच. पेट्रोलियम मिसळलेले पॉलिश ते कवच धुऊन काढते. साधा साबण, पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

उभ्या टायरमध्ये हे मेण वर येतच नाही, त्यामुळे न चालणारी गाडी जास्त लवकर चिरते. नुसते इंजिन चालू ठेवून टायरला काही मिळत नाही. उघडीप मिळाली की महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा; बॅटरी, गिअरबॉक्स, ब्रेक सगळ्यांचेच भले होईल.

उभी करताना पाण्याची टाकी रिकामी करा. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, चार महिने उगाच टायरच्या डोक्यावर. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल थंड दाबाइतकी भरा. चाकाखाली प्लायवूड किंवा जाड रबरी चटई घाला. फळी चाकापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी हवी. टायरचा थोडा भाग फळीवर आणि थोडा अधांतरी राहिला तर तारांवर भलताच ताण येतो, आणि जोडचाकात एकच टायर फळीवर चढला तर सगळे वजन त्याच्यावरच. डिझेल-ऑइलचे डाग असलेली जागा टाळा. शेतघरी पंपाची मोटार, जनरेटर किंवा वेल्डिंगचे काम चालत असेल तर गाडी तिथून लांब लावा, ठिणगीतून ओझोन तयार होतो. चाकांवर पांढरे आच्छादन उन्हाळ्यात जास्त उपयोगी आहे. पावसाळ्यात ते मोकळे ठेवा, आत ओल कोंडायला नको.

पावसाळ्यानंतर पहिली फेरी समृद्धीवरून करणार असाल तर विशेष सांभाळा. सरळ, काँक्रीटचा, ७०१ किलोमीटरचा रस्ता. घाट, गाव, सिग्नल नसल्याने टायरला निवायला उसंतच मिळत नाही. हवा पहाटे, निघण्याआधी, चाक गार असताना बघा. दर साडेपाच अंश सेल्सिअसला दाब साधारण दोन टक्क्यांनी बदलतो, त्यामुळे चालल्यावर तो दहा-पंधरा टक्क्यांनी चढणे ठीकच आहे. वाटेत वाढलेला दाब बघून हवा सोडू नका, तीच सकाळी कमी पडलेली निघेल. दर दोन तासांनी थांबून प्रत्येक टायरला हात जवळ न्या. एकच टायर इतरांपेक्षा कढत लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे.

प्रश्न : नायट्रोजन भरल्याने टायर म्हातारा होत नाही, हे खरे का?
— वाचक, मडगाव

उत्तर : थोडेसे खरे आहे. प्रयोगशाळेत टायरला लवकर म्हातारे करायचे असते तेव्हा त्यात निम्मा ऑक्सिजन असलेले मिश्रण भरून ६५ अंशांच्या भट्टीत ठेवतात. म्हणजे आतला ऑक्सिजन कमी केला तर वेग मंदावणार हे तर्काला धरून आहे. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि एकदाच हवा सोडून नायट्रोजन भरला तर जुनी हवा आत उरतेच; दोन-तीनदा भरून सोडावा लागतो. ऊन, ओझोन आणि जादा भार यांवर त्याचा काही उपाय नाही. फुकट मिळाला तर भरा. त्याच्या जोरावर वर्षे वाढवू नका.

प्रश्न : दुकानात ‘न वापरलेला’ टायर निम्म्या किमतीत मिळतोय. तारीख चार वर्षांपूर्वीची आहे. घ्यावा का? आणि रिमोल्ड?
— वाचक, नाशिक

उत्तर : थंड, अंधाऱ्या गोदामात, रिमशिवाय ठेवलेला टायर बराच हळू म्हातारा होतो, कारण त्याच्यात दाबाची हवा नसते. पण तो खरेच तसा ठेवला होता की दुकानाबाहेर फुटपाथवर रचला होता, हे तुम्हाला कोण सांगणार? वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चार वर्षे जुना टायर म्हणजे निम्मे आयुष्य गेलेला माल. किंमतही निम्मी, म्हणजे स्वस्त काहीच नाही. एका वर्षाच्या आतलाच मागा, आयएसआय चिन्ह बघा, आणि चारही तारखा बिलावर लिहून घ्या.

रिमोल्डमध्ये नक्षी नवी, टायरचा आतला सांगाडा जुना. ट्रक कंपन्या वर्षभरात लाखभर किलोमीटर करतात, त्यांचा सांगाडा वयाने तरुण असताना रिमोल्ड होतो, तिथे तो हिशेब बरोबर बसतो. तुमचा सांगाडाच वयाने संपणार, त्याला नवी नक्षी कशाला? उतरवलेले टायर उसाच्या ट्रॉलीला किंवा टायरच्या बैलगाडीला जातात. त्या वेगाला ते चालूनही जाते. कोणाच्या मोटारीला जाणार नाहीत एवढे मात्र बघा.

प्रश्न : एवढे करूनही चालत्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर?
— वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. फुटलेले चाक गाडीला त्या बाजूला जोरात ओढते. ब्रेक मारला की वजन पुढे, नेमके त्याच चाकावर येते आणि ओढ वाढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर होता तिथेच, किंवा क्षणभर थोडा अधिक दाबून ठेवा. हे मनाला पटत नाही, पण मागून मिळणारा जोर पुढच्या ओढीला पुरून उरतो आणि गाडी सरळ राहते. ती ताब्यात आली की पाय हळूहळू सोडा. वेग आपोआप उतरू द्या, ताशी पंधरा-वीस मैलांवर आल्यावर कडेला घ्या. क्रूझ कंट्रोल लावलेला असेल तर तो आधी काढा.

मागचा टायर गेला तरी हेच. ट्रेलरचा गेला तर ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, ट्रेलर मागून झोला घेईल.

थांबल्यावर सगळ्यांना रहदारीच्या उलट बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या. गॅसच्या सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सुटलेल्या नक्षीने नळी तोडली असू शकते. मागे धोक्याचे तीन परावर्तक त्रिकोण ठेवा. गाडी सपाट उभी करण्यासाठी दिलेल्या लेव्हलिंग जॅकवर तोलून चाक बदलायला जाऊ नका; ते त्या कामासाठी नसतात, आणि मागची चाके उचलली गेली तर पार्किंग ब्रेकही सुटतो. जड गाडीचे चाक रस्त्यावर स्वतः बदलण्यापेक्षा मोठ्या वाहनांची रस्त्यावरची मदत आधीच घेऊन ठेवा, आणि ती घेताना आपल्या गाडीचे वजन आणि टायरचे माप त्यांना लिहून द्या. बऱ्याच मोटरहोमला स्टेपनीच नसते. त्यांना तेच माप शोधून आणावे लागते, आणि आणलेल्या टायरची तारीखही बसवण्याआधीच वाचायची.